बोकडाचा अटॅक

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. आत अडकलेल्यांना तो ज्या सुरात धीर देतो, तो मला हुबेहूब जमतो. किंचित नाकातून आणि लांबवून: "घाबरायचं नाऽऽही, मी आलोय!"

परवा वीज गेली आणि मामाच दोन मजल्यांच्या मधे अडकला. बाहेर काढला तेव्हा घामाने निथळत होता, हात गार, छातीत धाडधाड. रखवालदाराने जाहीर करून टाकलं, "अटॅक आला!" मामाने तेच धरलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी एको काढायला बोलावलं, तर मामाने घरी येऊन पाने-पक्कड पुसून ठेवली. "आता काम सुटलं गं," मामीला म्हणाला. एरवी मामी त्याला एक वाक्य धड पुरं करू देत नाही. त्या दिवशी ती गप्प बसली, तेव्हा माझीही टरकली.

एकोच्या खोलीत मामा कुशीवर, छातीवर गारेगार जेल. मामी घाबरली की प्रश्न विचारते.

"एको म्हणजे काय हो?"

"आवाज आत सोडायचा, परत येतो तो बघायचा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाव एका ग्रीक वनदेवीचं. फार बडबडी, म्हणून शाप मिळाला. दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे बोलायचे."

"तेवढे बोलायचे," मी म्हटलं.

"आमच्या घरात आहे एक," मामी म्हणाली.

बाईंनी जेल पुसायला कागद दिला. "हृदय छान आहे. तो पॅनिक अटॅक होता."

"अटॅक!" मामाला तेवढंच ऐकू आलं.

"अहो, पॅनिक! भीतीने होतं तसं. हाही शब्द तिकडचाच. पॅन नावाचा देव, पाय बोकडाचे. रानात अचानक असा ओरडायचा की मेंढपाळ कारण न कळता पळत सुटायचे."

मामा ताडकन उठून बसला. "म्हणजे काम सोडायला नको?"

"मुळीच नको."

"म्हणजे बोकड ओरडला आणि मी पळालो?"

"पळायला जागा कुठे होती तुम्हाला!" मामी हसत सुटली. हसता हसता तिने त्याच्या शर्टाची बटणं लावली, सगळी एकेक काज चुकवून.

बाहेर येताच मामाने साहेबांना फोन लावला. "हृदय ठणठणीत! उद्या येतो कामावर. अटॅक? होता ना, पण बोकडाचा."

पलीकडून साहेबांनी घाईघाईने काहीतरी विचारलं.

"नाही नाही, साहेब," मामा म्हणाला, "चावला नाही."