जांभळा कट्टा

आमच्या घरात डिग्री घेतलेली मी पहिली. आई अजूनही बिबवेवाडीत शेजारणींना सांगते, "आमची पोरगी टॅबवर रस्ते काढते." काढतेच की. त्यात लाजायचं काय?

जुन्या पेठांच्या सुधारणेचा आराखडा करायचं आमचं काम, पद्धत साधी. गल्लीत फिरून जे दिसेल, जे हवंसं वाटेल ते आपापल्या टॅबवर काढायचं. नकाशा सगळ्यांचा एकच. रंग प्रत्येकाचा वेगळा. माझा हिरवा, माझ्या जोडीला काम करणाऱ्या मैत्रिणीचा जांभळा. दुसऱ्या कुणी जागेवर जाऊन खात्री केली की रेघ काळी होते. काळं झालेलं आराखड्यात जातं, बाकीचं पुसलं जातं.

ती अपघातात गेली, त्याला महिना होत आला होता. आराखडा दुसऱ्या दिवशी बंद होणार, म्हणून तिच्या वाट्याची कसबा पेठेतली गल्ली बघायला मला पाठवलं. गल्लीच्या तोंडाशी टॅब उघडला आणि डोळ्यांदेखत त्यावर जांभळी रेघ उमटली. मग दुसरी.

मी ऑफिसला फोन लावला.

"अगं, तिचा टॅब आत्ताच चार्जिंगला लावलाय," पलीकडून उत्तर आलं. "का गं?"

आत गल्लीत रेंज नसते. तिचं शेवटच्या दुपारचं काम टॅबमध्येच अडकून राहिलं होतं, टॅब चालू होताच ते नकाशावर आलं. कळलं सगळं, तरी अंगावरचा काटा जाईना.

रेघांचा चौकोन झाला. घड्याळदुरुस्तीच्या दुकानाशेजारी बसायला कट्टा. खाली तिची टीप: "इथे माणसं दम खायला थांबतात."

जाऊन टेप लावली. कट्टा झाला तरी स्कूटर जायला जागा उरत होती. आता फक्त बोट टेकवायचं. टेकवलं तर कट्टा राहणार, जांभळा जाणार. तिचं बाकीचं सगळं आम्ही आधीच काळं करून बसलो होतो.

दुकानातले आजोबा चष्म्यावरून बघत होते. "काय हो, मोजताय की नवस बोलताय?"

"झालंच."

"त्या दुसऱ्या बाई कुठायत? बसायची सोय करते म्हणाल्या होत्या. आम्ही आपले उभेच."

मी बोट टेकवलं. चौकोन काळा झाला.

"होईल आता," म्हटलं.

"त्यांना सांगा, फार उंच नको. गुडघे दुखतात."

"सांगते."

तिच्या टिपेखाली मी लिहिलं, "उंची कमी ठेव गं."