नऊ प्रोजेक्ट आणि बायकोची फाईल

बायकोला आमच्या ऑफिसात नोकरी लागली ती माझ्याच शब्दावर. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना स्वतःची बाजू घ्यायचा मोह मला होणार आहे.

आमचं ऑफिस यवतमाळात, बियाण्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सर धरून पाच माणसं. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, म्हणजे जिनिंगसाठी, आम्ही सॉफ्टवेअर करतो. गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, पावती छापायची, कोणत्या गंजीत, म्हणजे ढिगात, कापूस गेला ते नोंदवायचं. प्रत्येक जिनिंगची पद्धत थोडी वेगळी, म्हणून प्रोजेक्टही वेगळे. त्या वेळी नऊ होते.

लिहिलेला प्रोग्राम एकत्र करून चालण्याजोगा करणं, त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. बिल्ड व्हायचं तर मशीनवर डेटाबेस कुठे आहे, पासवर्ड काय, पावत्या कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, हे सगळं एका फाईलमध्ये लिहिलेलं लागतं. प्रत्येकाची मशीन वेगळी, पण ही फाईल प्रोजेक्टच्या आतच असायची, सगळ्यांची मिळून एक. कोणी चुकून आपल्या सेटिंगसकट काम सगळ्यांना पाठवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्यांचं बिल्ड बंद. मग हाक यायची, "दादा, माह्याकडे बिल्ड होऊन नाही राह्यलं."

मी खुर्ची सरकवत जायचो, चार ओळी बदलायचो, बिल्ड व्हायचं. कोणाच्या मशीनला काय लागतं ते मला तोंडपाठ होतं. सात वर्षं मी हे केलं. कधी कधी तोंडाने वैतागलो असेन, पण त्या हाकेची मला सवय झाली होती, आणि आवडही.

बायकोने लग्नाआधी अमरावतीला कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं होतं. मुलगी झाल्यावर काही वर्षं घरीच होती. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर मीच तिला घरी बसवून आमच्या कामाची ओळख करून दिली, मीच सरांशी बोललो. पहिल्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून ती आली तेव्हा मला कोण कौतुक वाटत होतं.

तिचे पहिले तीन दिवस सेटिंग भरण्यातच गेले. नऊ प्रोजेक्ट, नऊ फाईली, सगळीकडे तेच. चौथ्या दिवशी डबा खाताना ती म्हणाली, "माही मशीन तर एकच हाय. मंग नऊ ठिकाणी तेच तेच काहून लिवाचं?"

"तसंच असते," मी म्हणालो.

दोन आठवड्यांत तिने ते तसं राहू दिलं नाही. सगळ्यांना सारखं लागणारं ते प्रोजेक्टमध्ये ठेवलं. ज्याचं त्याचं वेगळं ते ज्याच्या त्याच्या मशीनवर, प्रोजेक्टच्या बाहेर, एकाच फाईलमध्ये. ही फाईल कोणाला पाठवायचीच नाही. कोणताही प्रोजेक्ट बिल्ड करा, तो आधी सगळ्यांचं वाचतो, मग तुमची फाईल वाचतो, आणि तुमचं असेल ते धरतो. काही भरायचं राहिलं तर बिल्ड थांबतं आणि पडद्यावर मराठीत सांगतं, "तुमच्या फाईलमध्ये डेटाबेसचा पत्ता नाही." ते वाचून सगळे हसले. सर तिच्या मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "इतकी वर्षं हे आपल्याला कसं सुचलं नाही?"

सरांनी 'आपल्याला' म्हटलं, पण सेटिंग सांभाळणारा मी एकटाच होतो.

हाका बंद झाल्या. सकाळी मी उगाच वाट पाहायचो. एकदा न राहवून स्वतःच उठलो, शेजारच्याला विचारलं, "चालू हाय ना सगळं?" तो मान वर न करता म्हणाला, "हो दादा, एकदम." मी पाण्याची बाटली भरून आणली आणि पुन्हा जागेवर बसलो. आता काही अडलं की तिला विचारायचे. माझ्या मागच्याच टेबलावरून तिचा आवाज यायचा, शांत, नीट समजावून सांगणारा. मी घरी तिला जसं शिकवलं होतं अगदी तसा.

घरी मी चिडचिडा झालो. एकदा ती जेवता जेवता फोनवर कोणाला तरी फाईल कुठे ठेवायची ते सांगत होती. मी ताट सरकवलं, म्हणालो, "भाजीत मीठ नाही." मुलगी म्हणाली, "हाय ना, बाबा." मीठ होतंच.

मग राळेगावच्या जिनिंगचं नवीन बिल्ड द्यायची वेळ आली. तिच्या पद्धतीने बाहेर जाणारं हे पहिलंच. शुक्रवारी दुपारी तिने मला विचारलं, "राळेगावच्या प्रोजेक्टमधे तुमच्या मशीनचं अजून काही राह्यलं का?"

राहिलं होतं. पावत्या साठवायच्या फोल्डरचा पत्ता मी फार पूर्वी घाईत थेट प्रोग्राममध्ये लिहिला होता, माझ्या मशीनचा. बिल्ड बाहेर द्यायच्या आधी तो मी हाताने बदलायचो. कोणाला माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. तिने मान हलवली आणि कामाला लागली. शनिवार-रविवार दोन दिवस माझ्या हातात होते. मी बोललो नाही.

सोमवारी सकाळी राळेगावहून फोन आला. वजन येत होतं, पावती निघत नव्हती. कापसाचा हंगाम, गाड्यांची रांग लागलेली. सर तिला म्हणाले, "बिल्ड तू दिलं, तूच जाऊन पाहा." मी म्हणालो, मी घेऊन जातो. वाटेत ती मागे बसून एकेक शक्यता मोजत होती. प्रिंटर असेल, कागद अडकला असेल, काल लाईट गेली असेल. मी हं हं करत गाडी चालवत होतो.

जिनिंगच्या फाटकाबाहेरपर्यंत ट्रॅक्टर उभे होते. काट्यावरचा माणूस वजनं कागदावर लिहून घेत होता. एक म्हातारे शेतकरी तिला म्हणाले, "बाई, सकाळपासून उभा हावो मी. तुमच्या मशीनले काय झालं?" ती म्हणाली, "पाह्यतो, काका."

प्रोग्राम कुठे अडला ते ज्यात लिहिलं जातं ती नोंदींची फाईल तिने उघडली. प्रोग्राम एक फोल्डर शोधत होता आणि तो सापडत नव्हता. त्या फोल्डरला मी आमच्या मुलीचं लाडाचं नाव दिलं होतं. घरात आम्ही तिघंच वापरतो ते नाव. बायकोने ते वाचलं. वळून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे वळून तिने त्या मशीनवर त्याच नावाचा फोल्डर तयार केला, प्रोग्राम बंद करून चालू केला. पावती सरसर बाहेर आली. तात्पुरती सोय, पण रांग हलली.

बाहेर टपरीवर चहा घेतला. ती पेला हातात धरून होती, पीत नव्हती.

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मंग काहून नाही सांगतलं?"

मी म्हणालो, "सगळे तुलेच विचारतात. मले कोणी विचारून नाही राह्यलं."

मला वाटलं ती नरमेल. ती भडकली. "माह्यावर राग होता तर घरी भांडाचं होतं. हे लोक सकाळपासून उन्हात उभे हायत. त्यायनं तुमचं काय केलं?" मग म्हणाली, "सरांना तुमी सांगा. मी सांगनार नाही, अन् झाकनारही नाही."

परतताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, गाडीची मागची पट्टी धरून बसली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, सगळं, 'नाही' म्हणालो त्यासकट. ते म्हणाले, "नऊही प्रोजेक्ट उकरून काढ. असं जे जे लपलेलं असेल ते तिच्या फाईलमध्ये आण. अन् तिच्याकडून तपासून घे."

महिना लागला. कुठे माझ्या मशीनचा पत्ता, कुठे जुना पासवर्ड, कुठे मीच विसरून गेलेला प्रिंटर. प्रत्येक काम तिच्याकडे पाठवायचो. दोन तिने परत केली, चूक दाखवून. चूक बरोबर दाखवली होती, त्यामुळे जास्तच लागलं.

यंदा सरांनी सगळे प्रोजेक्ट तिच्याकडे सोपवले. मला काय करायचं ते आता तीच सांगते, घरी नाही, ऑफिसात. काट्याची केबल, प्रिंटर, जिनिंगवरची प्रत्यक्ष कामं माझ्याकडे आली आहेत आणि ती मला जमतात.

पण माझं जळणं गेलं असं नाही. मागच्या आठवड्यात नेरच्या जिनिंगवाल्यांचा फोन आला. मी उचलला. ते म्हणाले, "ताई नाहीत का? त्यायलेच द्या." मी फोन मागच्या टेबलावर तिला दिला. संध्याकाळी घरी ती कणीक मळत असताना मी तिला सांगूनच टाकलं, "आज पुन्हा जळलो मी तुह्यावर."

तिने मळायचं थांबवलं नाही. "काय केलं मंग?" तिने विचारलं.

"काही नाही. फोन दिला."

"बरं," ती म्हणाली, आणि मला कांदा चिरायला सांगितला.