बुरुजावरून दिसणारा समुद्र

आमचे बाबा सहलीच्या बसचे ड्रायव्हर. तीस वर्षं त्यांनी लोकांना टेकडीवरचा बुरूज दाखवायला नेलं, पण स्वतः एकदाही पायऱ्या चढले नाहीत. गाडी सोडून जायचं नाही, हा त्यांचा हट्ट. परतताना प्रवासी वर काय काय पाहिलं ते रंगवून सांगायचे. बाबा ते ऐकायचे आणि घरी येऊन अंथरुणाला खिळलेल्या आईला सांगायचे, जणू स्वतःच पाहून आले.

एकदा कुणीतरी म्हणालं, वरून समुद्र दिसतो. आईचं माहेर समुद्राकाठचं. तेव्हापासून दर फेरीनंतर ती विचारायची, "आज दिसला का हो?"

"दिसला की. अगदी लख्ख!"

मला राग यायचा. आजारी माणसाला कसल्या थापा मारायच्या?

आई गेली. महिन्याभरानं बाबा म्हणाले, "चल, आपण वर जाऊन येऊ." या वेळी आम्ही प्रवासी म्हणून बसनं गेलो. गुडघे धरत, दहादा बसत ते चढले. वर चारी बाजूंना शेतं आणि धुरकट डोंगर. तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "समुद्र? अहो काका, तो इथून दोन दिवसांच्या वाटेवर!"

बाबा कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. एरवी मी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी मी फक्त त्यांना हाताला धरून खाली आणलं.

खाली बसमध्ये, वर न चढता थांबलेल्या शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "काय दिसलं हो वरून?"

"समुद्र," बाबा म्हणाले. "अगदी लख्ख."