गावना किलो

एरंडोलजवळच्या आमच्या गावात कापूस विकला, की क्विंटलमागे एका किलोचे पैसे गावच्या दवाखान्यासाठी कापायचे, असं ग्रामसभेत ठरलं. सगळे त्याला ‘गावना किलो’ म्हणायचे. काटा थांबला की माझे वडील व्यापाऱ्याला स्वतःहून सांगायचे, “भाऊ, आधी गावना किलो काढा.” मी चिडायचो.

दवाखाना उभा राहिला, डॉक्टर कधी आलाच नाही. गेल्या वर्षी वडिलांच्या छातीत कळ आली. जळगावला नेताना रिक्षा दवाखान्यावरून गेली. दाराला कुलूप होतं.

“नाना, बघा तुमचा किलो!” मी संतापून बोललो.

ते कुलपाकडे बघत पुटपुटले, “डॉक्टरसाठे बी एक किलो काढाले पाहिजे व्हता.”

जळगाव येण्याआधीच नाना गेले. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं हे असं.