जीपसाठी भरलेली वही

हे मी कुनाला सांगितलेलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, आईलाबी न्हाई. तुमाला सांगती — मदी थांबवू नका, मंग मला जमायचं न्हाई.

आत्या, म्हंजी माझी सासू, गुडघ्यानं आन कमरंनं पार वाकलीवती. लोहगडवाडीला आमची टपरी हाय, गडावर जानाऱ्यांना पिठलं-भाकरी देतो. ती चुलीपुढं बसली की उठवाया दोघं लागायची. तवा लोणावळ्याच्या एका दवाखान्यात अभ्यास चाललावता — अफूच्या जातीची जोरकस गोळी असल्या दुखन्याला खरंच लागू पडती का. आत्याचं नाव घातलं. रोज वहीत लिवायचं, गोळी घेतली का, दुखनं धापैकी किती, चक्कर आली का. आत्याला लिवता येत न्हाई. मी आठवी शिकलेली. वही माझ्याकडं.

आन महिन्याला न्यायला दवाखान्याची जीप यायची!

काय सांगू ती जीप... लगीन होऊन आल्यापासनं मी टपरी आन पाळना एवढंच बघितलेलं. जीपमधी पोरगी मांडीवर, वारं त्वांडावर, आन आत्या फुडं बसून डायवरला म्हनायची, "हळू चालव रं, सून माझी पयल्यांदाच हासतीया." येताना चिक्की. आत्याला दात न्हाईत, तिचा एक तुकडा पार भाजे गावच्या फाट्यापातुर पुरायचा.

पन गोळी — चार दिसांत आत्याला गरगराया लागलं, पोट साफ हुईना, बसल्या जागी डुलक्या. म्हनली, "मला न्हाई मानवत गं. बंद केली म्हनून लिव." मी व्हय म्हनले. आन लिवलं काय? गोळी घेतली. चक्कर न्हाई.

का? वाटलं, गोळी थांबली की जीपबी थांबंल. एवढंच. रिकामी पाकिटं माघारी द्यावी लागायची, म्हनून रोज सकाळी एक गोळी काढून चुलीत टाकायची.

आन आत्या बरी व्हाया लागली वो! मी रोज निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून शेकायची — त्यानं असंल, न्हाईतर हिंडल्या-फिरल्यानं. सात, पाच, तीन... आकडं खरं, पन सगळं गोळीच्या नावावर. शेजारच्या हळदीत नाचली ती!

दवाखान्यातली ताई तिला ईचारायची, गोळी रोज घेता ना, गुडघा बरा हाय ना. आत्याला कमी ऐकू येतं. मी कानाशी निस्तं मागचंच वरडायची, "गुडघा बरा हाय का म्हनत्यात." आत्या मान डोलवायची, "लय बरा." ताई लिवून घ्यायची.

शेवटच्या फेरीला मळवलीची एक मावशी जीपमधी बसलीवती. म्हनली, "मी तर पयल्याच आठवड्यात गोळी सोडली, तसं लिवलंबी. तरी न्यायला येत्यात. सोडनाऱ्यांचंबी त्यांना कळाया पायजे म्हनं."

तवा तरी सांगता आलं असतं, न्हवं? दवाखान्यात पोचलो तर ताई समोरच व्हती. वही उघडून म्हनली, "किती छान भरलीये. सगळ्यांच्या वह्या एकत्र करून ठरणार, पुढच्या आजी-आजोबांना ही गोळी द्यायची की नाही." मी हासले. पोरीचा हात धरून तिला टाटा कराया लावला.

आज आत्या गडाच्या पायऱ्यांपातुर जाती, पोरगी तिच्या मागं पळती, दोघींचं हासनं टपरीपातुर ऐकू येतं. मलाबी हासू येतं, खोटं कशाला बोलू. आन कुटंतरी कुनाची तरी आजी ती गोळी गिळत असंल, गरगरत असंल — आन कागद म्हनत असंल, चक्कर येत न्हाई.

त्या वहीतली पयली चार पानं खरी. बाकीची माझी.