घोटभर पाण्यासाठी भांडणाऱ्या बाई

‘माझा अनुभव’ हे शब्द ऐकले की भूल देणाऱ्या आमच्या डॉक्टर बाईंना हसू यायचं. सर्जनच्या तोंडून ऐकले तर जास्तच. “अनुभव राहू द्या डॉक्टर, कुणी तपासून पाहिलंय ते सांगा,” असं त्या सिस्टरांदेखत म्हणायच्या आणि माझी शोभा व्हायची.

इस्लामपुरातल्या माझ्या हाडांच्या हॉस्पिटलात त्या सांगलीहून यायच्या. मी नेहमीच उशिरा. तोवर त्या नवे शोधनिबंध वाचत बसायच्या. आम्ही कुचेष्टेनं त्याला ‘बाईंची पोथी’ म्हणायचो. पेशंटजवळ मात्र बाईंचा आवाज बदलायचा. “आजी, डोळं मिटा. मी हाय न्हवं हितं.”

आमचा वाद पाण्यावरून. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पेशंटला थेंबही द्यायचा नाही, ही माझ्या गुरूंची शिस्त. बाई म्हणायच्या, “दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, हे सिद्ध होऊन जमाना झाला. तुमच्या गुरूंना तहान लागत नव्हती काय?”

“सलाईन चालू आहे ना!”

“सलाईननं घसा ओला होतो? एकदा लावून बघा स्वतःला.”

शिराळ्याची एक आजी खुब्याचं हाड मोडून आली. ऑपरेशन सकाळी आठला ठरलं होतं. मी सत्काराला गेलो. सत्कार माझाच होता. आजीला टेबलावर घेईपर्यंत दुपारचे तीन वाजले. उशीर होणार हे कळताच बाईंनी सकाळीच सिस्टरला फोन करून पाणी द्यायला सांगितलं होतं. मी फोनवरूनच सिस्टरला दटावून ते थांबवलं. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवसापासून आजी असंबद्ध बोलू लागली, सुनेला ओळखेना. ती पुन्हा पहिल्यासारखी झालीच नाही.

“तहानेनंच झालं असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही,” बाई म्हणाल्या. “पण तिला तहानेलं ठेवायला तुमच्याकडे कुठला होता?” त्यांनी बॅग उचलली. परत आल्या नाहीत.

टाके काढायच्या दिवशी आजीचा मुलगा माझ्या पाया पडला. फौजेतून रिटायर झालेला माणूस. “आई पाणी पाणी करत व्हती, सायेब. म्या तांब्याच खोलीभाईर ठेवला. तुमचा हुकूम मोडला न्हाई.”

मी त्याची पाठ थोपटली.

गेल्या महिन्यात न राहवून बाईंना फोन केला. तुमचंच बरोबर होतं, आता मीही पाणी देतो, असं सगळं सांगितलं.

“तिच्या मुलाला सांगितलंत?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगताय?” आणि फोन ठेवला.

शिराळा इथून पाऊण तासावर आहे. मी अजून गेलेलो नाही.