एकविसावी खुर्ची

अख्ख्या नाशकात 'पुरे' हा शब्द मनापासून म्हणणारा एकच माणूस उरला आहे, आणि तो म्हणजे माझे गणिताचे सर. लग्नाच्या पंगतीत वाढपी दिसला की ते दोन्ही हात ताटावर आडवे धरतात. एकदा यजमानांनी हट्टानं त्या हातांवरच जिलबी ठेवली, तेव्हा सरांनी ती उचलून यजमानांच्याच तोंडात घातली. "आग्रह मलाही येतो," म्हणाले. मुलगी एकच. 'दुसरं कधी?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांना ते सांगत, "एकीचं बोलणं ऐकायलाच दोन्ही कान लागतात."

शहर वाढल्याची बातमी पेपरात आली की त्या दिवशी वर्गात तेच गणित. "दर बारा वर्षांनी नाशिक दुप्पट होतं असं धरा," म्हणत सर रेघ ओढत. फळा संपला की रेघ भिंतीवर जाई, मग सर स्टुलावर चढत आणि खडू छताला टेकला की विचारत, "आता पुढं?" आतून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, ओरडत, "आधी खाली या! परवाच रंग दिलाय!" सर आमच्याकडे वळून म्हणत, "बघा. मोठमोठ्यांना न सुचलेलं उत्तर."

पंचवटीतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत एकवीस खुर्च्या होत्या: वीस मुलांच्या, एक सरांची. एका बड्या क्लासचा मालक तीनशे मुलांचा हॉल, माइक आणि चौकात फोटो, असा प्रस्ताव घेऊन आला होता. "सर, माणसानं वाढायला नको का?"

"वाढलो की. साडेपाच फूट झालो आणि थांबलो. तुम्ही अजून वाढताय?"

याच सरांच्या दारात, बारावीला गणितात नापास झालेला मी, नांदगावहून वडिलांबरोबर उभा होतो. सर म्हणाले, "वीस झाले." वडील हात जोडून म्हणाले, "गुरुजी, घरात शिकणारा ह्यो पयलाच हाय. नाय म्हनू नका." मला त्या क्षणी 'पुरे' या शब्दाचा भयंकर राग आला. सर आत वळले. मग त्यांनी स्वतःची खुर्ची ओढून रांगेत लावली.

"बस."

"आणि तुम्ही, सर?"

"मला उभ्यानं चांगलं शिकवता येतं."

ते खोटं होतं. फळ्याकडे वळताना त्यांचा गुडघा कट्‌कन वाजायचा, आणि तो आवाज मी वर्षभर त्यांच्याच खुर्चीत बसून ऐकला. खुर्च्या वाढल्या नव्हत्या, फक्त एक खुर्ची सरकली होती. त्या सरकण्यावर मी पदवीधर झालो.

मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला. "गुडघे पार गेलेत, तरी ऐकत नाहीत. तुझं तरी ऐकतील." मी गादीची छान खुर्ची घेऊन गेलो. वर्ग चालू होता. सरांच्या खुर्चीत सुरगाण्याकडची एक मुलगी मान खाली घालून गणित सोडवत होती. सर भिंतीला हात टेकून उभे होते, जिथं जुन्या खडूची रेघ अजून पुसट दिसते तिथंच.

"छान आहे," खुर्चीवरून हात फिरवत ते म्हणाले. "पण ठेवायची कुठं?"

मी खोलीभर पाहिलं. खरंच जागा नव्हती. खुर्ची रिक्षात घालून परत आणली. आमच्या घरात माणसं तीन आहेत, आणि खुर्च्या आता सात.